शंभर लिटरची टाकी आणि दोन 'शार्क'

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर लेकीने काचेच्या भांड्यातले लाल मासे बघितले आणि घरी येईपर्यंत तोच एक विषय. दुसऱ्या रविवारी तिला घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे बिल नाही. बिल मागितलं तर त्याने कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला, आणि मी तो शहाण्यासारखा खिशात घातला.

"दोन फुटी घ्या की ओ साहेब. शंभर लिटर बसतंय. परत बघायचं कामच नाय."

टाकी, पंप, दिवा, रंगीत खडे, चार गोल्डफिश, काच चाटायला एक सकर आणि लेकीच्या हट्टाचे बोटभर लांबीचे दोन चंदेरी 'शार्क', सगळं मिळून 5,200 रुपये. हे मासे किती वाढतात, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "टाकी बारकी तर मासा बारका. टाकीएवढाच वाढतोय ओ." कुंडीतल्या झाडाचं तसंच असतं, असं मी स्वतःच मनात जुळवून घेतलं.

पंधरा दिवसांत चारही गोल्डफिश गेले. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आणि नवे चार मासे विकले. खरं तर हे औषधाने बरं होणारं दुखणं नव्हतंच. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत वाढायला काही आठवडे लागतात, तोवर एक-दोनच मासे ठेवायचे असतात. आम्ही पहिल्याच दिवशी सात सोडले. पाणी बदलावं म्हटलं तर आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. आला की बादलीने थेट टाकीत, क्लोरीनसकट. ते पाणी दिवसभर पिंपात उघडं ठेवायचं असतं, हेही कुणी सांगितलं नाही.

शार्क मात्र वाढत होते. दिवाळीपर्यंत वीतभराचे झाले. दार आपटलं की दचकून काचेवर तोंड आपटायचे, नाकाडं सोलून निघाली होती. परत दुकानात गेलो, तर त्याच्या तोंडावर अपराधी भाव तर सोडाच, उलट आनंदच. "मग तीन फुटी घ्या. अडीचशे लिटरची हाय." जुनी टाकी 600 रुपयांत घेतली आणि वर 9,500 लावले. या वेळीही मी टेप नेला नाही. इथे दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही.

पुढे मच्छी बाजारात सुरमई घ्यायला गेलो तेव्हा शेजारच्या पाटीत आमचे शार्क पडलेले. तेच मिशांचं तोंड, तेच शेपूट, फक्त दोन-दोन किलोचे. "मावशी, हा कुठला?" "पंगस हाय बाबा. घेतो का? काटं कमी." मी मोबाइलवर आमच्या टाकीचा फोटो दाखवला. मावशी एवढी हसली की बाजूच्या दोघी बघायला आल्या.

घरी येऊन वाचत बसलो. पंगस मूळचा मेकाँग नदीचा, मीटरभराच्या वर जातो. हॉटेलात 'बासा' म्हणून बऱ्याचदा तोच ताटात येतो. काच चाटणारा सकर दीड फुटापर्यंत होतो. लहान टाकीत मासा 'बसत' नाही, घाण पाण्याने खुरटतो आणि लवकर मरतो. त्याच रात्री टेप काढला. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणायची आणि 61 ने भागायचं, की लिटर निघतात. तीन फुटी टाकी 36 बाय 15 बाय 18 भरली, म्हणजे 159 लिटर. पहिली दोन फुटी 24 बाय 12 बाय 12 ची होती, म्हणजे जेमतेम 57 लिटर. तेही काठोकाठ, खडे न धरता.

दुकानदाराला फोन केला. "वरनं मोजलं तर तेवढंच येतंय," म्हणाला. वरनं म्हणजे कुठनं, ते मला अजून कळलेलं नाही.

एकाने सुचवलं, कंबर तलावात सोडून द्या. तसं करू नका. सकरसारखे परदेशी मासे आपल्या पाण्यात टिकतात, वाढतात आणि इथल्या माशांच्या मुळावर येतात. आमचा सकर त्याच तीन फुटी टाकीत आहे, सोबतीला छोटे गप्पी. मोहोळकडे एका मित्राचं शेततळं आहे, त्यात तो आधीपासून पंगसच पाळतो. दोन्ही शार्क त्याच्याकडे दिले. लेक अधूनमधून विचारते, "पप्पा, आपले शार्क कसे आहेत?" मित्राला फोन लावायचं मी टाळतो आणि तिला सांगतो, मोठे झालेत.