सतत वाहणारं नाक: गोळी, थेंब, स्प्रे की मीठपाणी?

कोल्हापुरात सर्दी अंगावर काढायची पद्धत जुनी आहे. जूनमध्ये पाऊस लागला की नाक सुरू होतं ते दिवाळीपर्यंत. तेवढ्यात कारखान्यांचा गळीत हंगाम लागतो, शिवारात पाचट पेटतं आणि पुन्हा शिंका. "माझी प्रकृतीच सर्दीची" म्हणून माणूस गप्प बसतो. पण विषाणूची साधी सर्दी आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत जाते. महिनोन्महिने वाहणाऱ्या नाकाचं कारण वेगळं असतं आणि कारण ठरल्याशिवाय औषध निवडण्यात अर्थ नाही. मेडिकलमधून गोळी आणण्याआधी एवढं एक काम करायलाच हवं.

बहुतेकांच्या बाबतीत निवड दोन कारणांमध्ये असते. पहिलं ॲलर्जी. हिची खूण म्हणजे खाज: नाकात, टाळूला, डोळ्यांत. सकाळी अंथरुणातून उठताच एकामागोमाग शिंका आणि नाकातून नितळ पाणी. मुलं तळहातानं नाक वर घासतात आणि कधीकधी नाकावर आडवी रेघ उमटते. आपल्याकडं वर्षभर छळणारं कारण म्हणजे गाद्या, उशा, गोधड्यांत राहणारे धुळीतले सूक्ष्म कीटक. ओलसर हवा त्यांना मानवते, म्हणून पावसाळ्यात त्रास वाढतो. भिंतीला ओल धरली की बुरशीची भर पडते. २०१९ आणि २०२१च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांत ज्यांच्या भिंती नीट वाळल्याच नाहीत, त्यांनी हे कारण आधी तपासावं. बाहेर गाजर गवताचे परागकण आहेतच.

दुसरा प्रकार ॲलर्जीविना वाहणाऱ्या नाकाचा. खाज जवळपास नाही, शिंका कमी, पण थंड वारा, उदबत्ती, अत्तर, गुऱ्हाळाचा धूर, एसीची खोली यातलं काहीही निमित्त पुरतं. तांबड्या रश्श्याची वाटी समोर आली की नाक पुसत जेवणारे आपल्यात कितीतरी आहेत. तिखटानं नाकातल्या मज्जातंतूंना चेव येतो आणि पाणी सुटतं. ती ॲलर्जी नव्हे, त्यासाठी मटण सोडायची किंवा तपासण्या करायची गरज नाही. साठीनंतर काहींचं नाक जेवताना आणि एरवीही ठिबकत राहतं, तेही बहुधा याच गटातलं.

हा फरक महत्त्वाचा, कारण ॲलर्जीची गोळी पहिल्या प्रकारात चालते, दुसऱ्यात फारशी नाही. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊनही "गुण येत नाही" म्हणणाऱ्यांनी आपण चुकीच्या गटातलं औषध घेतोय का, हे पाहावं. दुसऱ्या प्रकारात इप्राट्रोपियमचा नाकातला स्प्रे निव्वळ वाहणं थांबवायला उपयोगी पडतो. ॲझेलास्टिनचा स्प्रे दोन्ही प्रकारांत चालतो आणि लवकर चालतो, मात्र घशात कडवट चव उतरते.

आता गोळी की स्प्रे? गोळी सोपी, तासाभरात शिंका आणि खाज थांबवते. कधीतरी होणाऱ्या त्रासाला ती पुरे. पण गोळी कुठली, हे बघून घ्या. ‘सर्दीची गोळी’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, जोडीला फेनिलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. पहिल्यानं गुंगी येते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीनवर उभं राहणाऱ्यानं, हायवेवर गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊ नये. रक्तदाब किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं एकत्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना औषधावर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे. घरात जुनी बाटली असेल तर हे लक्षात ठेवा. नव्या गोळ्यांत सेटिरिझिननं काहींना थोडी झोप येते, फेक्सोफेनाडिननं सगळ्यात कमी. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर मात्र घेऊ नये, साध्या पाण्याबरोबर घ्यावी.

रोजचा, महिनोन्महिन्यांचा ॲलर्जीचा त्रास असेल, त्यातही नाक चोंदत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्टिरॉइड स्प्रे गोळीपेक्षा सरस. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात. पण इथं एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं. पोटातून घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांशी त्याची बरोबरी होत नाही. त्रास होतो तो नाक कोरडं पडण्याचा, कधी थोडं रक्त येण्याचा. मुलांना दीर्घकाळ द्यायचा असेल तर डॉक्टरांनी उंचीवर लक्ष ठेवावं.

स्प्रे फसतो तो दोन गोष्टींमुळं. एक, लोक दोन दिवसांत सोडून देतात. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात आणि तो रोज मारावा लागतो, शिंका नसल्या तरी. दुसरी गोष्ट मारण्याची रीत. मान किंचित खाली झुकवा. डाव्या नाकपुडीत मारताना बाटली उजव्या हातात धरा आणि उजव्या नाकपुडीसाठी डाव्या, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडं वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तरच रक्त येण्याची भीती जास्त. मारताना जोरात ओढू नका. औषध घशात उतरलं तर ते नाकाच्या कामाचं राहत नाही.

यात सगळ्यात मोठा घोळ होतो तो दुकानात. नाक उघडणारे थेंब आणि स्टिरॉइड स्प्रे दिसायला सारखेच. नावाखाली बारीक अक्षरात ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, म्हणजे शेवटी ‘झोलिन’ असेल, तर ते थेंब तीन ते पाच दिवसांपुरतेच. नाक मिनिटांत मोकळं होतं, म्हणून ते आवडतात. पुढं चालू ठेवले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, मग पुन्हा थेंब. वर्षभर उशाशी बाटली ठेवून झोपणारी माणसं अशीच तयार होतात. त्यांनी थेंब बंद करताना डॉक्टरांकडून स्टिरॉइड स्प्रेचा आधार घ्यावा.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, म्हणजे जलनेती, स्वस्त आणि दोन्ही प्रकारांत उपयोगी. औषध मारण्याआधी केलं तर आणखी चांगलं. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं थेट वापरू नये. अमेरिकेत २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं नेती करणाऱ्या दोघांचा नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमिबानं मृत्यू झाला होता. वाफारा तात्पुरता बरा वाटतो. लहान मुलांना देऊ नका, भाजण्याची भीती असते.

ॲलर्जीच्या कारणाची शरीराला हळूहळू सवय लावणारी इंजेक्शनं किंवा जिभेखालचं औषध तीन ते पाच वर्षं चालतं. स्प्रे नीट वापरूनही भागत नसेल आणि कारण पक्कं सापडलं असेल, तेव्हाच त्याचा विचार करावा. त्वचेची चाचणी करण्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या सुमारे आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. शंभर पदार्थांच्या रक्ततपासणीची पॅकेजं मात्र मी तरी सुचवणार नाही. रक्तात खूण दिसली म्हणून त्या पदार्थानं त्रास होतोच असं नाही.

पिवळा-हिरवा शेंबूड दिसला की अँटिबायोटिक मागणारे असतात, पण नुसत्या रंगावरून जिवाणू ठरत नाहीत. बारा आठवड्यांहून जास्त काळ घट्ट स्राव, गालाकपाळाला दडपण, वास न येणं अशी लक्षणं असतील तर सायनस दुर्बिणीतून तपासायला हवेत. कोल्हापुरातल्या सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. आणि त्रास एकाच नाकपुडीचा असेल तर थांबूच नका. मुलाच्या नाकातून घाण वासाचा स्राव येत असेल तर मणी, शेंगदाणा असं काही अडकलेलं असू शकतं, मोठ्यांना रक्त मिसळून येत असेल तर गाठ. डोक्याला मार लागल्यावर एका बाजूनं नितळ, खारट पाणी गळत असेल आणि वाकलं की वाढत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा.