होलोंगापार गिबन अभयारण्य, मरियानी (आसाम): एकदा पॅकेजने, एकदा एकट्याने

पहिल्या दिवशी संध्याकाळी लिहायला बसलो असतो तर दोन तारे दिले असते. दुसऱ्या दिवसामुळे पाच देतोय. पण पहिला दिवस का फुकट गेला ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा जाणार नाही.

आम्ही अठरा जण. काझीरंगा, माजुली, शिवसागर अशी डिसेंबरातली सहल, आणि त्या कागदावर मध्येच एक ओळ: 'गिबन जंगल, दोन तास'. नाश्ता, ग्रुप फोटो, कुणाचा तरी हॉटेलात राहिलेला चष्मा, असं करत जोरहाटहून फाटकाशी पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. गप्पा मारत आत शिरलो, एकाच्या मोबाइलवर जुनी गाणी चालू. दिसली ती एका लंगुराची पाठ. सहलवाल्यांचा मुलगा म्हणाला, "जंगल आहे काका, नशीब लागतं." नशिबाला कशाला बोल लावायचा? घड्याळ बघा ना. गिबन, म्हणजे झाडांवरच राहणारा हा वानरासारखा प्राणी, उजाडताना उठतो, सकाळीच गातो, आणि दुपार उतरायच्या सुमारास झोपायचं झाड गाठतो. तिथे डिसेंबरात सूर्यच साडेचारला मावळतो. आपण आपल्याकडच्या वेळेनं गेलो तर त्याचा निम्मा दिवस संपलेला असतो.

आमची ही बाकीच्यांबरोबर शिवसागरला गेली, मी मरियानीला मुक्काम टाकला. तेहतीस वर्षं रेल्वेत रुळांच्या खात्यात काढल्यावर स्टेशनाशेजारी झोप लागायला त्रास होत नाही. आदल्या दिवशीच वनखात्याच्या मेलेंगच्या बीट ऑफिसात विचारून ठेवलं होतं, त्यामुळे सकाळी मी, एक तरुण गाईड आणि पुढे बंदूकवाला वनरक्षक असे तिघंच निघालो. बंदूक हत्तींसाठी. जंगल अवघं 20.98 चौरस किलोमीटर, भोवताली बहुतेक चहाचे मळे, आणि हत्ती नागालँडच्या बाजूनं ये-जा करतात. ताजं लेंडकं दिसलं की वनरक्षक थांबायचा, आम्हीही थांबायचो.

आणि मग ते सुरू झालं. आधी एकच हूक, दबकी, कुणीतरी घसा साफ करावा तशी. मग दुसरी, तिला उत्तर, आणि बघता बघता नर-मादी मिळून असा काही सूर चढवतात की छातीत घुमतं. मध्येच लांबून दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर येतं. 'ही आमची झाडं' एवढाच त्याचा अर्थ, गाईडनं सांगितलं. आसामीत गिबनला होलौ म्हणतात, आणि ऐकल्यावर नाव कुठून आलं हे विचारावं लागत नाही.

होलोंगचं झाड नुसतं बघायचं तरी टोपी पडते. त्याच्या बाजूच्या उंबरवर्गातल्या झाडावर दिसले. नर काळाकुट्ट, भुवया पांढऱ्या, खडूनं ओढल्यासारख्या. मादी पिवळट तपकिरी. मला वाटलं दोन वेगळ्या जाती. तर नाही: पिल्लू जन्मतं पांढुरकं, मग काळं होतं, आणि मादी वयात आली की पुन्हा फिकी होते. शेपूट कुणालाच नाही, कारण हे माकड नव्हेच, कपी (इंग्रजीत एप) आहे, भारतातला एकमेव. मादी एका हातानं लोंबकळत दुसऱ्या हातानं फळ चाचपायची, पिकलेलं असेल तर तोंडात, नाहीतर सोडून पुढचं. पोटाला पिल्लू चिकटलेलं. तिनं फांदी सोडली तेव्हा माझाच हात गळ्यातल्या दुर्बिणीवर घट्ट झाला. पूर्वी एकेरी लायनीवर धावत्या इंजिनातून फायरमन टोकनची (पुढे जायच्या परवानगीची) रिंग उचलायचा, तसा तिनं पुढचा फांटा उचलला. चुकल्याची शक्यताच नाही.

सोयींबद्दल थोडक्यात: दुर्बीण न्याच, मान दुखते. पावसाळा सरता सरता जाणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे. भडक शर्ट नको. सात जातींचे प्राइमेट (माकड-वानरांच्या गटातले प्राणी) या एवढ्याशा जंगलात आहेत, पण लाजवंतीसारखे (स्लो लोरिस) निशाचर दिवसा दिसतील अशी आशा धरू नका.

आता मला खटकलेलं. गाईडनं रेल्वेच्या लायनीवर नेलं. 1887 साली टाकलेली लायन, जंगलातून 1.65 किलोमीटर जाते आणि त्याचे दोन तुकडे करते, एक मोठा, एक अगदी छोटा. होलौ सहसा जमिनीवर उतरत नाही, पोहता तर येतच नाही. ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठच्या आसामात तो नाही, नदीनं अडवलं म्हणतात. इथे तेच काम दोन रुळांनी केलंय. छोट्या तुकड्यातल्या पोरानं वयात येऊन जोडीदार शोधायचा कुठे? अख्ख्या जंगलात मिळून सव्वाशेच्या आसपास गिबन.

लायनीवर झाड पडता कामा नये म्हणून दोन्ही बाजूंच्या फांद्या छाटायच्या, हा नियम मी नोकरीभर पाळला आणि पाळून घेतला. किती सह्या केल्या असतील. वर आभाळाची ती सरळ पट्टी बघून पहिल्यांदाच वाटलं की हे कुणाच्या तरी रस्त्यात येतं.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं वरून दोरांचे पूल सुचवलेत. विद्युतीकरणाचाही विषय आहे, म्हणजे खाली पंचवीस हजार व्होल्टची तार. गाईडनं विचारलं, "अंकल, तारेच्या वर किती जागा सोडावी लागेल?" चांगला प्रश्न होता. रुळापासून तार किती उंच, तिच्यावरची खांबाची टोकं कुठवर, दोर ओला होऊन मध्ये झोळ पडला तर काय, हे सगळं तिकिटाच्या पाठीवर काढून दिलं. तेवढ्यात गाडीची शिटी ऐकू आली. वनरक्षकानं आम्हाला बाजूला घेतलं. डबे मोजायची सवय जात नाही, पण या वेळी मी वर बघत होतो. लायनीकडेच्या शेवटच्या झाडावर एक काळा नर बसला होता, गाडी जाईपर्यंत हललाच नाही. मग वळला आणि आला त्याच बाजूला परत गेला.