३६० हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा का? पावसाळ्यापासूनच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. शूटर गेम मन लावून खेळत असाल आणि पीसीत दम असेल, तर २४० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे पडदा सेकंदाला २४० वेळा चित्र बदलेल इथपर्यंतचे, पैसे वसूल होतात. त्याच्या पुढे ३६०, ४८०, ५४० या आकड्यांना फरक असतो, मोजताही येतो, पण तो शोधायला पडद्यावर डोळे रोखून बसावं लागतं. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यापासून ३६० हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि तो विकायचा विचारही नाही. फक्त तो आवडण्याचं कारण ३६० हा आकडा नाही.

मॉनिटर २७ इंची, १४४०पी (२५६० x १४४० पिक्सेल), क्यूडी-ओलेड पॅनेलचा, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो. या जातीचे मॉनिटर बऱ्याच कंपन्या विकतात आणि त्यांच्यात फरक थोडाच, म्हणून ब्रँडचं नाव काढत नाही. सत्तर हजारांच्या आसपास पडला. आधी त्याच आकाराचा १६५ हर्ट्झचा आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) होता, तो आता शेजारी दुसरा स्क्रीन म्हणून उभा आहे. दिवसा ऑफिसचं काम, म्हणजे कोड, ब्राउझर आणि न संपणाऱ्या मीटिंगा. रात्री जेवणं आटोपली की व्हॅलोरंट, शनिवारी सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २), दोन्ही शूटर. नुसत्या एक्सेलवर बसणाऱ्याला पुढचं निम्मं लागू होणार नाही, म्हणून हे आधीच सांगितलं.

हर्ट्झ सोडा, मिलिसेकंदांत हिशेब करा. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते. १४४ ला ६.९, २४० ला ४.२, ३६० ला २.८ आणि ५४० ला १.९. म्हणजे ६० वरून १४४ ला गेलात की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचले आणि २४० वरून ३६० ला गेलात की १.४. जाहिरातीत दोन्ही उड्या सारख्याच मोठ्या दिसतात. ३६० हर्ट्झचे पहिले मॉनिटर २०२० मध्ये आले, ५०० आणि ५४० वाले २०२३ मध्ये, आणि आता ओलेडही ४८०-५०० ला पोचलेत. आकडा वाढतोय, वाचणारा वेळ दर वेळी आटतोय.

मग हा वाचलेला वेळ दिसतो कुठे? लोक म्हणतात पडदा 'स्मूथ' होतो. माझ्या मते स्मूथपणा १२०-१४४ लाच येऊन जातो. त्यापुढे मिळतो तो हलत्या चित्राचा रेखीवपणा. आजचा पडदा, एलसीडी असो वा ओलेड, पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची तशीच धरून ठेवतो. आपला डोळा मात्र हलत्या वस्तूच्या मागोमाग सरकत असतो. चित्र जागच्या जागी आणि डोळा पुढे, म्हणून कडा फासल्यासारख्या दिसतात. चित्र सेकंदाला ९६० पिक्सेल सरकत असेल तर ६० हर्ट्झला ही फासलेली कड साधारण १६ पिक्सेल रुंद होते, १२० ला ८, २४० ला ४ आणि ४८० ला २.

टेस्टयूएफओ या साइटवर टोरोंटो शहराचा नकाशा आडवा सरकवून दाखवायची चाचणी आहे. घरी जो येईल त्याला मी ती दाखवतो. ६० हर्ट्झला रस्त्यांच्या नावांच्या जागी करड्या रेघा दिसतात. जुन्या आयपीएसवर १६५ ला नाव आहे एवढं कळतं, पण ते वाचता वाचता नकाशा निघून जातो. ओलेडवर २४० ला नावं वाचता येतात. ३६० ला तीच नावं जरा निवांतपणे वाचता येतात. 'जरा' हा शब्द तोलून लिहिलाय.

यात ओलेडचा वाटा मोठा आहे. एलसीडीतल्या पिक्सेलला एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला वेळ लागतो. डब्यावर '१ मिलिसेकंद' छापलेलं असतं, पण तो आकडा बहुतेकदा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोराने ढकलायची सेटिंग) इतका ताणून मिळवलेला असतो की हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची सावली दिसायला लागते. फ्रेम २.८ मिलिसेकंदांची आणि पिक्सेल बदलायला ४-५ मिलिसेकंद, मग त्या ३६० चा उपयोग काय? ओलेडचा पिक्सेल जवळजवळ तत्क्षणी बदलतो, म्हणून तिथे हर्ट्झचा आकडा पुरेपूर पदरात पडतो.

सायबर कॅफेत ढेरपोट्या सीआरटीवर (जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर) सीएस १.६ खेळलेल्या मंडळींना हा रेखीवपणा नवा वाटणार नाही. ती नळी प्रत्येक फ्रेम क्षणभर चमकवायची आणि मग अंधार, त्यामुळे ८५-१०० हर्ट्झलाही हलतं चित्र कापून काढल्यासारखं दिसायचं. पुढे पातळ पडद्यांच्या नादात ते आपण घालवलं आणि आता हजारो रुपये मोजून परत मिळवतोय. काही एलसीडी मॉनिटर आजही बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लुकलुकवून तोच परिणाम साधतात, पण उजेड कमी होतो आणि माझं डोकं दुखतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. अकरावीतला, व्हॅलोरंटमध्ये माझ्यापेक्षा दोन रँक वर. त्याला शेजारी बसवून माउस दिला आणि मी डोळे मिटून घ्यायचो. तो सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (म्हणजे हर्ट्झचा आकडा) बदलायचा, सेटिंगची खिडकी बंद करायचा आणि मग मी सरावाच्या रेंजमध्ये बॉट (संगणकाची माणसं) मारायचे. "मामा, आता किती ते सांग!" ६० ओळखायला अर्धा सेकंदही लागला नाही, ते तर पलीकडून जाणाऱ्या आईलाही कळलं, "हे अडकतंय का रे?" म्हणाली. १४४ आणि २४० मी बहुतेक वेळा बरोबर ओळखले, तेही झटकन मान वळवल्यासारखा माउस फिरवल्यावर. २४० आणि ३६० मध्ये माझं उत्तर नाणेफेकीइतकंच भरवशाचं होतं. मग खुर्च्या बदलल्या. भाच्याचं माझ्यापेक्षा थोडं बरं निघालं, पण त्यालाही दर वेळी थांबून विचार करावा लागत होता. नकाशाच्या चाचणीत मात्र दोघांनाही फरक दिसला. मग गेममध्ये का नाही?

मला वाटतं उत्तर डोळ्यांत आहे. व्हॅलोरंटमध्ये आपण कोपरा धरून उभे असतो, नजर क्रॉसहेअरवर (नेमाच्या खुणेवर) खिळलेली, समोरून माणूस यायची वाट बघत. डोळा कशाच्या मागे धावतच नाही, मग फासलेली कड दिसणार कुठून? ओव्हरवॉच किंवा एपेक्ससारख्या खेळात उड्या मारत पळणाऱ्यावर निशाणा धरून ठेवावा लागतो आणि नजर सतत सरकत राहते. तिथे मला वरच्या आकड्यांचा फायदा जास्त जाणवला. एवढी गोष्ट आधी कळली तर पैसे कुठे लावायचे ते ठरवणं सोपं जाईल, म्हणून लिहितोय: तुमच्या खेळात डोळा पळतो की थांबतो ते आधी बघा.

माउसला पडद्याने वेगाने उत्तर देण्याचा फायदा वेगळा, तो असतोच. पण १.४ मिलिसेकंद कशाच्या शेजारी ठेवायचे तेही बघा. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. मुंबईचा सर्व्हर मिळूनही पुण्यातून माझं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, दहा मिलिसेकंदांच्या आसपास असतं. समोर माणूस दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत बहुतेकांचे दोनशेच्या आसपास मिलिसेकंद जातात. व्यावसायिक खेळाडूंना या सगळ्यातून एक-दीड मिलिसेकंद कमी करण्यात अर्थ असेल, कारण बाकीचं सगळं त्यांनी आधीच घासूनपुसून घेतलेलं असतं. माझी रँक मॉनिटर आल्यावर हलली नाही. पहाटे दोनच्या ऐवजी बाराला झोपायला लागलो तेव्हा हलली.

आता पीसीचा मुद्दा, जो विकणारे सांगत नाहीत. मॉनिटर ३६० चा असला तरी फ्रेम पीसीने पुरवायच्या आहेत, आणि अशा खेळांत ग्राफिक्स कार्डाच्या आधी प्रोसेसर दमतो. माझ्याकडे आरटीएक्स ४०७० कार्डाबरोबर रायझन ५ ५६०० प्रोसेसर होता. व्हॅलोरंटमध्ये एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा पडद्याच्या कोपऱ्यात तीनशेच्या वर मिरवायचा आणि साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागी, दोन स्मोक (धूर), एक मॉली (आग) आणि सात-आठ जण एकत्र आले की दोनशेच्या घरात उतरायचा. म्हणजे जिथे जिंकायचं-हरायचं ठरतं नेमका तिथेच मॉनिटर अर्धपोटी. सीएस२ तर शांत वेळेलाही ३६० च्या जवळ जायचा नाही. मदरबोर्ड तोच ठेवून ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसवला, तेव्हा हे खालचे आकडे सावरले. खरं सांगायचं तर खेळताना जो बदल जाणवला तो या प्रोसेसरने जास्त केला. २४० स्थिर मिळणं हे ३६० आणि २०० च्या हिंदकळण्यापेक्षा केव्हाही बरं. सध्या सीएस२ ला मी फ्रेमची मर्यादाच घालून ठेवलीय.

फ्रेम जनरेशनचा आधार घेऊन सायबरपंक २०७७ सारखे जड गेमही तीन आकडी फ्रेम दाखवतात. दिसायला छान. पण मधल्या फ्रेम कार्डाने रचलेल्या असतात, त्यांत तुमचा माउस नसतो, त्यामुळे हाताला खेळ तेवढाच जड लागतो. कथा बघत फिरायला चालतं, शूटरला नाही.

कामाच्या बाजूने सांगायचं तर लांब लॉग फाइल स्क्रोल करताना ओळी हलत असताना वाचता येतात, हे सुख रोजचं आहे. पण ते १२० लाही जवळजवळ तेवढंच मिळतं. आणि इथेच या पॅनेलची एक खोड आहे, जी इंग्रजी रिव्ह्यू वाचून पूर्ण कळणार नाही. माझ्या या क्यूडी-ओलेडमध्ये उपपिक्सेल (एका पिक्सेलमधले तीन रंगांचे ठिपके) एका ओळीत नसून त्रिकोणात असतात, हिरवा वर, लाल आणि निळा खाली. त्यामुळे आडव्या कडांना रंग फुटतो. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात, चालून जातं. आपली शिरोरेघ शब्दभर सलग जाते. पांढऱ्यावर काळं मराठी वाचताना जवळून बघितलं तर शिरोरेघेच्या वर गुलाबीसर आणि खाली हिरवट छटा दिसते. वर्तमानपत्राच्या साइटवर बारीक अक्षरात लेख वाचताना पहिले काही आठवडे मला हे खुपत होतं. अक्षर मोठं केलं आणि पडदा हातभर लांब ठेवला की निवळतं. मराठी टायपिंग, डीटीपी किंवा प्रूफं तपासणं हेच तुमचं पोटापाण्याचं काम असेल तर हे पॅनेल घेऊ नका. चांगला आयपीएस घ्या.

बाकीच्या कुरबुरी पटकन. दिवसा खिडकी उघडी असली की पडद्याचा काळा रंग जांभळट दिसतो. खिडकीचा पडदा ओढला की प्रश्न मिटतो, पण दिवसा पडदे ओढून बसायला घरातल्यांची संमती लागते. व्हीआरआर (पीसीच्या फ्रेमप्रमाणे रिफ्रेश रेट बदलत ठेवणारी सोय) चालू असताना अंधाऱ्या दृश्यांत आणि लोडिंग स्क्रीनवर उजेड फडफडतो. शूटरला मी ते बंदच ठेवतो. काही तासांनी पिक्सेल साफ करू का म्हणून मॉनिटर विचारतो, ते जेवायच्या वेळेला होऊ द्यावं. टास्कबार लपवलाय, वॉलपेपर काळा केलाय. बर्न-इनचा (पडद्यावर चित्राचा कायमचा ठसा राहण्याचा) मागमूस अजून नाही, पण हे वापरून वर्ष व्हायचंय, त्यामुळे यावर छातीठोक काही बोलत नाही.

कुठलाही वेगवान मॉनिटर घेतल्यावर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. बरेचदा तो ६० वरच बसलेला असतो. माझ्या ऑफिसात एकाने १६५ चा मॉनिटर महिनोन्महिने ६० वर वापरला आणि "काही फरक नाही रे" असं सगळ्यांना सांगत फिरला. केबलही बघा: १४४०पी ला एचडीएमआय २.० वर १४४ च्या आसपास गाडी थांबते, पुढे डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.१ लागतं.

भाच्याला मॉनिटर घ्यायचाय आणि त्याच्या वडिलांनी बजेट पंचवीस हजार सांगितलंय. त्याला मी १८० हर्ट्झचा १४४०पी आयपीएस सुचवलाय आणि उरलेले पैसे प्रोसेसरसाठी बाजूला ठेवायला सांगितलंय. तो ऐकेल असं दिसत नाही, कारण कुठल्याशा व्हिडिओत त्याने ५४० हर्ट्झ बघितलंय, तेही ६० हर्ट्झच्या फोनवर. ओलेड घेणारच असाल तर बर्न-इन वॉरंटीत धरलं आहे का आणि किती वर्षं, हे भारतातल्या वॉरंटीबद्दल ईमेलवर लिहून घ्या. मी विचारलं तेव्हा विक्रेत्याने फोनवर तीन वर्षं सांगितली आणि लेखी मागितल्यावर आठवडाभर उत्तर दिलं नाही. ते आल्यावरच मी पैसे भरले.