पदवी एकाची, पावती दुसऱ्याची

पत्रकारितेच्या पदवीत फसलेल्या मुलांच्या फाइली उघडल्या की वरवर सगळं झकपक दिसतं. गुळगुळीत माहितीपत्रक, वृत्तवाहिनीसारख्या पट्टीचं ओळखपत्र, नामवंत अँकरसोबतचा सेल्फी. तळाशी चार घड्या घातलेली फीची पावती असते. फसवणूक त्या पावतीवर पहिल्या दिवसापासून छापलेली असते, पण ती वाचली जाते दुसऱ्या वर्षी.

अशा पदव्या विकणाऱ्यांचा हंगाम ठरलेला. बारावीचा निकाल लागतो आणि मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांची पहिली गुणवत्ता यादी लागायला अजून अवकाश असतो. बीएएमएमसी या माध्यमांच्या पदवीला, म्हणजे जुन्या बीएमएमला, चांगल्या कॉलेजात नंबर लागेल का, या धाकधुकीत घर असतं. नेमक्या त्याच दिवसांत अंधेरीच्या किंवा लोअर परळच्या एखाद्या काचेच्या इमारतीतून फोन येतो: "सर, उद्या दुपारपर्यंत सीट ब्लॉक केलीत तर स्कॉलरशिप बसेल." पलीकडच्या व्यक्तीला काउन्सेलर म्हणतात. काम विक्रीचं, डोक्यावर टार्गेट प्रवेशांचं. 'यूजीसी (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यताप्राप्त विद्यापीठ' हे शब्द ती चारदा उच्चारते, आणि ते बहुधा खरंही असतं. विचारायला हवं ते वेगळंच: त्या विद्यापीठाचा आणि या इमारतीचा संबंध काय?

राज्य सरकारच्या कायद्याने स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला यूजीसीच्या नियमांनुसार आपल्या राज्याबाहेर केंद्र काढता येत नाही. दुसऱ्याचं कॉलेज स्वतःला संलग्न करून घेता येत नाही. राज्यातल्या राज्यात दुसरं केंद्र काढायलाही परवानगी लागते. अभिमत विद्यापीठाचं, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थेचं, प्रकरण वेगळं, त्याला मंजुरी घेऊन बाहेर केंद्र काढता येतं. म्हणून यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत नुसतं नाव शोधून थांबू नका, नावासमोरचा पत्ता वाचा. पत्ता परराज्यातला आणि वर्ग अंधेरीत असेल, तर यूजीसीचं मंजुरीपत्र मागा. 'प्रोसेसमध्ये आहे' याचा अर्थ मंजुरी नाही. छत्तीसगडच्या २००२ च्या कायद्याखाली शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं निघाली होती. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये ती एका फटक्यात रद्द केली. कागदावर तीही विद्यापीठंच होती.

आता पावती उलगडा. वर नाव कोणाचं आहे? विद्यापीठाचं असेल तर ठीक. पण तिथे अमुक-तमुक मीडिया प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल, तर तुम्ही पैसे एका व्यापारी कंपनीला दिलेत. खासगी विद्यापीठ काढणारी संस्था न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा ना-नफा तत्त्वावरची कंपनी असावी लागते. मग नजर खाली न्या, करांच्या रकान्याकडे. कायद्याने मान्य असलेल्या पदवीसाठी शिक्षणसंस्था विद्यार्थ्याकडून जी फी घेते, तिच्यावर जीएसटी नाही. समजा फी दोन लाख आणि खाली १८ टक्क्यांनी ३६ हजार लावलेत. बहुतेक पालक ते ३६ हजार कमी करून मागतात. घासाघीस कसली करता! आम्ही देतोय ते पदवीचं शिक्षण नाही, अशी कबुली कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे.

मग पदवी येते कुठून? इथला खेळ असा. अंधेरीच्या वर्गात शिकवतात तो कंपनीचा स्वतःचा प्रमाणपत्र कोर्स. पदवीसाठी मुलाचं नाव परस्पर एखाद्या विद्यापीठाच्या ऑनलाइन किंवा दूरस्थ अभ्यासक्रमात घातलेलं असतं. मान्यता असलेली ऑनलाइन पदवी काही कमअस्सल नसते, कायद्याने ती बरोबरीचीच. दुखतं ते हे, की तिची फी बरीच कमी असते आणि तुम्ही काचेच्या इमारतीचा भाव मोजलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेशासाठी विद्यार्थ्याला यूजीसीच्या पोर्टलवर डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. 'रोजचे वर्ग' सांगून घेतलेल्या मुलाला कोणी ओटीपी विचारून हा आयडी काढायला लावला, की समजा. तिथेच थांबायचं. ओटीपी द्यायचा नाही.

कागद चोख असले तरी शिकवणं चोख असेलच असं नाही, आणि हे मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांनाही लागू आहे. कॅम्पस दाखवताना स्टुडिओ हमखास दाखवतात: हिरवा पडदा, अर्धगोल टेबल, टेलिप्रॉम्प्टर. भारावून जाण्याआधी थोडं गणित करा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले एकक, लागतात. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. चार क्रेडिटचा व्हिडिओ पत्रकारितेचा विषय असेल तर १२० तास, म्हणजे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला आठ तास. वर्गात ६० मुलं, एका कॅमेऱ्यावर पाच जण, म्हणजे १२ गट. कॅमेरे दोनच असतील तर एका वेळी दोन गट, एकूण सहा बॅचेस. सहा गुणिले आठ, ४८ तास. सोमवार ते शनिवार, रोज आठ तास, तेही एका वर्षाच्या एका विषयासाठी. वेळापत्रक मागून बघा, इतकं कुठेच नसतं. बाकीची मुलं कडेला उभी राहून बघतात आणि जर्नलमध्ये १२० तास भरतात.

त्याहून बोलकं असतं साहित्य देण्या-घेण्याचं रजिस्टर. कॅमेरा कोणी नेला, कधी परत आला, बॅटऱ्या किती, लेपल माइकची क्लिप तुटली का, अशा नोंदी चालत्या विभागात रोजच्या रोज पडतात. हे रजिस्टर दाखवा म्हणून सांगा. कोरं निघालं, किंवा शेवटची नोंद मागच्या वार्षिक महोत्सवाची असली, तर तो स्टुडिओ माहितीपत्रकाच्या फोटोपुरता आहे. रेडिओचंही तसंच. 'आमचं स्वतःचं रेडिओ स्टेशन' म्हटलं की फ्रिक्वेन्सी विचारा. कॉलेज चालवतं त्या कम्युनिटी रेडिओला माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. आकडा सांगता येत नसेल तर ते बहुधा इंटरनेटवरचं चॅनल असतं, जे कोणालाही मोबाइलवरून चालवता येतं.

'ज्येष्ठ संपादक शिकवतात' हा दावाही तपासा. वर्षातून एकदा येऊन किस्से सांगून गेलेला पाहुणा आणि सत्रभर मुलांनी लिहिलेल्या बातम्या तपासणारा शिक्षक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अनुभवी पत्रकाराला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नेमायची सोय यूजीसीने २०२२ मध्ये केली. पंधरा वर्षांचा अनुभव लागतो आणि अशी पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच असतात. म्हणजे सगळेच नामवंत, असा विभाग नियमात बसतच नाही. चालू सत्राच्या वेळापत्रकात कोणाचं नाव किती तासांपुढे आहे तेवढंच मोजा.

प्लेसमेंटच्या भिंतीवरच्या फोटोंवर विश्वास ठेवू नका. मुलाचं पद, रुजू झाल्याचा महिना आणि ते नेमणुकीचं पत्र आहे की इंटर्नशिपचं, हे विचारा. तीन महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप, तीही संस्थेच्याच मालकीच्या पोर्टलवर, बिनदिक्कत 'प्लेस्ड' म्हणून मोजली जाते. आणि ते 'प्रेस कार्ड'! अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारमान्य प्रेस कार्ड, देतं राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय किंवा केंद्रात पीआयबी (पत्र सूचना कार्यालय), आणि ती काम करणाऱ्या पत्रकाराला मिळते. संस्थेने छापलेलं कार्ड गळ्यात घालून मंत्रालयाच्या दारात उभं राहिलं तर सुरक्षारक्षक पास काढायला सांगेल. तसं पाहिलं तर आपल्याकडे बातमीदार व्हायला पदवी सक्तीची नाहीच. पदवीची मान्यता लागते ती एमएच्या प्रवेशाला आणि सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर. म्हणूनच फसवणूक इतकी उशिरा कळते.

पैसे सोडवायची वेळ आली तर पुन्हा पावतीच काढावी लागते. वर विद्यापीठाचं नाव असेल तर यूजीसीचं ऑक्टोबर २०१८ चं परतावा धोरण हाताशी आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, प्रक्रियाशुल्क म्हणून कापायचे ते फार तर पाच टक्के आणि कमाल पाच हजार. शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तिसाव्या दिवसापर्यंत ५०, मग शून्य. कधी यूजीसी त्या वर्षापुरतं याहून सवलतीचं पत्रक काढते, ते बघून घ्या. 'ब्लॉकिंग अमाउंट नॉन-रिफंडेबल' असा शिक्का पावतीवर मारल्याने हे धोरण रद्द होत नाही. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायलाही मनाई आहे. तक्रार आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, मग विद्यापीठाच्याच लोकपालांकडे, सोबत यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर.

पावती कंपनीची असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही. अशा वेळी ग्राहक आयोगाचा रस्ता, सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं, पण कोचिंगवाल्यांना नाही. तिथे 'ही शिक्षणसंस्था नाही' असं सांगत तो जीएसटीचा रकाना तुमच्या बाजूने बोलतो.

फी 'शून्य व्याजाच्या हप्त्यां'वर भरली असेल तर गुंता वाढतो. काउन्सेलरने टॅबवर सही घेतलेली असते ती फायनान्स कंपनीच्या कर्जावर. रक्कम एकदम संस्थेला मिळालेली असते, मुलगा वर्गात जावो न जावो, हप्ता खात्यातून जातच राहतो. बँकेत जाऊन ई-मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) थांबवता येतो, पण कर्ज तसंच उभं राहतं आणि थकबाकी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढते. म्हणून प्रवेश रद्द केल्याचा ईमेल संस्थेला आणि फायनान्स कंपनीला एकाच दिवशी पाठवा. त्याआधी काउन्सेलरबरोबरचं सगळं व्हॉट्सॲप संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. ऑगस्ट उलटला की त्यातले बरेच नंबर लागत नाहीत.