सात महिने पैसे भरले, वळचणीचे कोपरे तुटलेलेच

माईनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या गेमच्या बिल्डिंग फाइली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात करून देणाऱ्या ऑनलाइन कन्व्हर्टरचे सात महिने पैसे भरले. काल बंद केलं.

कॉलेजात असताना गेमच्या १.८ या जुन्या व्हर्जनवर शनिवारवाडा बांधला होता. दिल्ली दरवाजा, नऊ बुरूज, आणि १८२८ च्या आगीत गेलेला आतला वाडा माझ्या अंदाजाने. ती स्केमॅटिक फाइल (बांधकाम साठवायचा जुना फॉरमॅट) जुन्या हार्ड डिस्कवर सापडली. कोथरूडच्या भाच्याला वाडा टॅबवर बेडरॉकमध्ये, म्हणजे मोबाइल-टॅबवर चालणाऱ्या आवृत्तीत हवा होता, मला कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीसाठी लाइटमॅटिक या नव्या फॉरमॅटात.

रंग, लाकूड, दगड सगळं चोख आलं. जुन्या फाइलीत ठोकळे आकड्यांनी लिहिलेले असतात; त्यातला ३५:१४ बिनचूक लाल लोकर झाला. पण छपराच्या वळचणीला जिथे दोन बाजूंचे जिन्याचे ठोकळे काटकोनात भेटतात, तिथे प्रत्येक कोपऱ्यात खाच! शेजारी एक ठोकळा ठेवून फोडला की कोपरा जुळतो. असे चौसष्ट कोपरे मी हाताने जुळवले. सपोर्टला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, ‘कॅशे साफ करा.’ डोकंच फिरलं.

मग भाच्याचा टॅब पाहिला. त्याच कन्व्हर्टरची फाइल, आणि कोपरे शाबूत! तेव्हा खोलात गेलो. जुन्या फाइलीत जिन्याची फक्त दिशा आणि तो उलटा की सुलटा एवढंच असतं. कोपरा गेम शेजार बघून ठरवायचा. बेडरॉक अजूनही तसंच करतो. जावात मात्र १.१३ पासून आकारही लिहिलेला असतो, आणि हे कन्व्हर्टरवाले सरसकट ‘सरळ’ लिहून मोकळे होतात. म्हणजे फाइल त्यांनी बिघडवली नाही, मी उगाच तसं समजत होतो. पण पैसे घेता तर शेजारचे ठोकळे बघून आकार काढायला नको?

फुकटचा उपाय असा: गेमच्या लाँचरमधून १.१२.२ हे जुनं व्हर्जन उघडा, त्यावेळच्या वर्ल्डएडिटने (बांधकाम कॉपी-पेस्ट करायचा मॉड) फाइल पेस्ट करा, सेव्ह करा, बॅकअप घ्या, आणि तेच जग नव्या व्हर्जनमध्ये उघडा. अपग्रेड करताना गेम कोपरे स्वतः जुळवतो. मग लाइटमॅटिकात सेव्ह करा. माझं अर्ध्या तासात झालं. दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्याचं छप्पर पहिल्यांदाच जसं बांधलं होतं तसं दिसलं, आणि मी बराच वेळ नुसता त्याच्याभोवती फिरत राहिलो.

फक्त टॅबसाठी हवं असेल तर एक महिन्याचे पैसे भरा, काम करून घ्या आणि बंद करा. जावासाठी एक रुपयाही घालू नका. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मागितलेत; उत्तर आलं की इथेच लिहीन.