४८ व्होल्टचं बिननावाचं ड्रिल घ्यावं की कंपनीचं १२ व्होल्टचं?

लातूर असो की जालना, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तातलं कॉर्डलेस ड्रिल मागितलं की काउंटरवर दोन पेट्या येतात. एकीवर ठळक ४८ व्होल्ट, आत दोन बॅटऱ्या आणि बिटांचा ढीग. दुसरी नावाजलेल्या कंपनीची, १२ व्होल्टची. बिट मोजकेच आणि किंमत कितीतरी जास्त.

आधी त्या ४८ चा हिशोब करू. लिथियमचा एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. ४८ गाठायला असे किमान बारा सेल ओळीत लागतील, आणि मुठीएवढ्या पॅकमध्ये ते बसतच नाहीत. बहुतेक अशा पॅकमध्ये पाच सेल असतात, काहींत तीनच. दुकानदाराकडे मल्टिमीटर असेल तर फुल चार्ज बॅटरी मोजायला सांगा. २१ च्या आसपास आकडा आला तर पाच सेल, १२.६ आला तर तीन. तीनच निघाले तर कंपनीच्या १२ व्होल्टएवढीच बॅटरी तुम्हाला ४८ म्हणून विकली जातेय.

अँपिअर-अवरचंही (एएच, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो) तेच. या ड्रिलांत सहसा १८६५० मापाचे सेल असतात. त्यातला चांगल्यातला चांगला सेल साधारण ३.५ एएचचा. सेल ओळीत जोडले की व्होल्ट वाढतात, एएच नाही. त्यामुळे पाच सेलांच्या एका ओळीवर ६ एएच छापलं असेल तर ते सरळ खोटं आहे. एका सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाचांचं सव्वादोनशे. वर प्लास्टिक आणि सर्किट. अख्खा पॅक दोनशे ग्रॅमच भरला तर आत पाच सेल नाहीत.

पण बिननावाचं ड्रिल बंद पडतं ते मोटारीमुळे कमी, बॅटरीमुळे जास्त. पॅकमधले सेल एकसारखे नसतात आणि त्यांना समान पातळीवर ठेवणारं सर्किट कित्येकदा नसतंच. एक सेल आधी रिकामा होतो, तो आणखी खाली ओढला जातो आणि मरतो. मग चार्जरचा दिवा हिरवा होतो, पण दोन स्क्रू मारले की ड्रिल थांबतं.

आता चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा. सहा एमएमचा लांब, सरळ बिट घट्ट बसवा, ट्रिगर अगदी हलका दाबा आणि बिटाचं टोक बघा. ते गोल फिरताना लडबडत असेल तर भोक मोठं पडणार, स्क्रूसाठी ठोकायची गिट्टी सैल बसणार. एकदा दुसरा बिट लावून खात्री करा, कारण वाकडा बिटही असाच दिसतो. मग चक धरून बाजूला हलवा. टकटक जाणवली तर आत बेअरिंगऐवजी बुश, म्हणजे साधी धातूची नळी, असण्याची शक्यता मोठी. ट्रिगर सोडल्यावर चक जागच्या जागी थांबायला हवा. रेंगाळला तर स्विचमध्ये ब्रेक नाही. हवेच्या फटींतून बारीक ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, ब्रशवाल्या मोटारीत त्या असतातच. जळका वास आला तर मात्र पेटी परत करा.

कामानुसार बघितलं तर प्लायवूड, बिजागऱ्या, खिडकीच्या जाळ्या यांना १२ व्होल्ट पुरतं. ठिबकच्या सबमेन पाइपला ग्रोमेटची (नळी बसवायच्या रबरी कडीची) भोकं पाडायलाही पुरतं, पण चक १० एमएमचा असतो. १२ एमएमचा बिट घेताना त्याची दांडी बारीक केलेली बघून घ्या, नाहीतर तो बसणारच नाही. पत्र्याच्या शेडला लोखंडी पर्लिनमध्ये (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांत) सेल्फ ड्रिलिंग स्क्रू दिवसभर मारायचे असतील तर १२ व्होल्ट दमतं. तिथं कंपनीचं १८ व्होल्ट ब्रशलेस घ्या, ४८ चं लेबल नको.

आणि भिंत? विटेत हॅमर मोड चालतो. काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीत किंवा आरसीसी बीममध्ये यातलं कुठलंच ड्रिल धड चालत नाही. स्वस्त कॉर्डलेसचा हॅमर म्हणजे दातेरी चकत्यांची खडखड. बिट तापतो, बोथट होतो, गिअर झिजतात. त्यासाठी वायरचं एसडीएस रोटरी हॅमर (बिटाला खरोखर ठोके देणारं मोठं मशीन) एक दिवस भाड्यानं आणा.

परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बॅटरी चार्जिंगला लावू नका. लिथियमला चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंश आहे आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पारा त्याच्या पुढं जातो. काम करून गरम झालेला पॅक अर्धा तास सावलीत ठेवून मग लावा. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज ठेवा. रिकामा ठेवलेला पॅक बऱ्याचदा परत उठत नाही.

पैसे देण्याआधी त्याच दुकानात सुट्या बॅटरीची किंमत विचारा. बिननावाच्या ड्रिलची तशीच खाच असलेली बॅटरी पुढच्या वर्षी मिळेल, याची हमी दुकानदार सहसा देत नाही.