संपादकीय इंटर्नशिप: मोठ्या प्रकाशकाचं डेस्क की जवळचं छोटं जर्नल?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या पीएचडी करणाऱ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक, मोठ्या प्रकाशकाच्या जर्नलसाठी घरबसल्या किंवा बेंगळूरला राहून सहायकाचं काम. दुसरी, धारवाड-कोल्हापूर पट्ट्यातल्या एखाद्या संस्थेचं, ओजेएस (ओपन जर्नल सिस्टिम्स) या जर्नल चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारं छोटं जर्नल. मानधनाचा विचार नंतर करा, आधी हाती काम काय येतं ते बघा.

मोठ्या डेस्कवर नजर तयार होते. नैतिक समितीचा मंजुरी क्रमांक, हितसंबंधांचं निवेदन, डेटा कुठे ठेवलाय, छायाचित्रं ३०० डीपीआयची आहेत का, हे सगळं डोळ्यांना सवयीचं होतं. साम्य-अहवालातली, म्हणजे लेखाचा किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो ते सांगणारी, नुसती टक्केवारी बघून लेख परत करायचा नसतो. संदर्भयादी वगळायची, 'पद्धती' भागातली ठरावीक वाक्यं बाजूला काढायची आणि मग सलग परिच्छेद उचललाय का ते पाहायचं, ही शिस्त तिथे पक्की होते.

पण एका जागी अडतं, आणि माझ्या लेखी तेच निर्णायक आहे. तपासून लेख पुढे पाठवला की तो तुमच्या स्क्रीनवरून जातो तो जातोच. लेख हाताळायची प्रणाली एडिटोरियल मॅनेजर असो वा स्कॉलरवन, इंटर्नला बहुधा तेवढीच परवानगी असते. समीक्षक कोण निवडले, दोघांची मतं उलटसुलट आली तेव्हा संपादकांनी कुणाचा कोणता मुद्दा धरला, निर्णयपत्रात लेखकाला काय लिहिलं, यातलं काही कळत नाही. संपादन शिकायचं तर नेमकं तेच बघायला हवं.

ओजेएसवर सादरीकरण, समीक्षा, कॉपीएडिटिंग, निर्मिती असे चारही टप्पे एकाच लेखाबरोबर चालता येतात. रुजू होतानाच विभाग-संपादकाची भूमिका मागा आणि तिला 'फक्त शिफारस' ही मर्यादा लावून घ्या. निर्णय तुम्ही सुचवायचा, नोंदवायचा संपादकांनी. मग तुमचा मसुदा आणि त्यांनी पाठवलेलं पत्र शेजारी ठेवून वाचा.

त्रासही आहेत. परीक्षा लागल्या की लेख पडून राहतात. दोन समीक्षक मिळवायला आठ-दहा जणांना विचारावं लागलं तर नवल नाही. संस्थेच्या सर्व्हरवर एसपीएफ-डीकेआयएम (मेल खरंच त्या संस्थेकडून आलाय हे पटवणारी सेटिंग्ज) नीट लावलेलं नसेल तर ओजेएसची निमंत्रणं स्पॅममध्ये जातात, म्हणून उत्तर आलं नाही की लेख न जोडता दोन ओळींचा वेगळा मेल टाका. लेखकाने सुचवलेल्या समीक्षकाचा पत्ता जीमेलचा असेल तर त्याच्या संस्थेचं पान आणि ऑर्किड नोंद (संशोधकाचा ओळख क्रमांक) बघितल्याशिवाय निमंत्रण नको. समीक्षकाला लेखक कळू नये म्हणून वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव काढायचं असतं, ते तर हमखास राहतं.

यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखणं आपल्यावरच आलंय. आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) पोर्टलवर नोंद आहे का, डीओआय (लेखाचा कायमचा दुवा) उघडतो का, संपादक मंडळातले दोन-तीन जण स्वतःच्या पानावर या जर्नलचं नाव लावतात का, एवढं बघा. इंटर्नकडेच पैसे किंवा लेख मागणाऱ्याकडे फिरकू नका.

प्रकाशनातच नोकरी करायची असेल तर मोठं डेस्क बरं, मुलाखतीत ते नाव चालतं. संशोधनात राहायचं असेल तर माझा कल छोट्या जर्नलकडे, पण एका अटीवर. आपल्याकडे गाइड, सहलेखक, समीक्षक सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात. सरांचा किंवा आपल्या लॅबचा लेख आला तर त्याच दिवशी संपादकांना लेखी कळवा आणि त्या लेखाच्या सहभागी यादीतून आपलं नाव काढून घ्या.